नजरअंदाज पुरे
सॉफ्टवेअरच्या कामात पुरावा मागणाऱ्यांचा जाहीरनामा

आम्ही सॉफ्टवेअर लिहिणारी, तपासणारी, चालवणारी आणि रात्री-अपरात्री फोन वाजला की लॅपटॉप उघडून बसणारी माणसं आहोत. कोणी हिंजवडीत, कोणी ऐरोलीत, कोणी नागपूरच्या मिहानमध्ये, कोणी बंगळूर-हैदराबादला, तर कोणी ऑनसाइटच्या निमित्तानं न्यू जर्सीत नाहीतर म्युनिकमध्ये. संशोधन हा आमचा पेशा नाही. पण ज्या विधानांच्या जोरावर आमचे स्प्रिंट आखले जातात, माणसं कामावर घेतली जातात, टूल विकत घेतली जातात आणि अप्रेजलचे आकडे ठरतात, त्या विधानांना पुरावा मागायचा हक्क आम्हाला आहे, असं आम्ही आजपासून जाहीर करतो. हक्काबरोबर कामही येतं. पुरावा कसा गोळा करायचा, कसा तोलायचा आणि त्याबद्दल बोलताना कोणते शब्द कोणत्या अर्थानं वापरायचे, हे शिकून घेणं आमच्यावर आहे.

पैसेवारी म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी हिशेब. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला नजरअंदाज पैसेवारी समजावून सांगावी लागत नाही. उभ्या पिकाकडे बघून अंदाज बांधतात, तो नजरअंदाज. अंतिम पैसेवारी मात्र पीक कापणी प्रयोगावर ठरते. शेत यादृच्छिक पद्धतीनं निवडायचं, त्यात ठरल्या मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं आणि वजन करायचं. या प्रयोगांमागचं संख्याशास्त्र १९४०च्या दशकात उभं राहिलं, त्यात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांचा मोठा वाटा होता. सुखात्मे तर सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. शेतकरी या प्रयोगावरही भांडतो. चौकोन कुठल्या शेतात पडला, तलाठी खरंच बांधावर आला होता का, हे तो विचारतो, आणि ते विचारायलाच हवं. पण त्याच्याकडे भांडायला निदान एक पद्धत असते. आपण कोट्यवधी रुपयांच्या सिस्टिम उभ्या करतो आणि मीटिंगमध्ये सगळ्यात ज्येष्ठ माणसाच्या ‘मला वाटतं’पाशी थांबतो.

आपल्या कानावर रोज पडणारी काही वाक्यं घ्या. चांगला प्रोग्रामर साध्या प्रोग्रामरच्या दहापट, वीसपट काम करतो. प्रॉडक्शनमध्ये सापडलेला बग शंभरपट महाग पडतो. टेस्ट आधी लिहिल्या की क्वालिटी वाढते. अमुक भाषेत लिहिलं की चुका कमी होतात. ही वाक्यं मुलाखतीत येतात, ट्रेनिंगमध्ये येतात, क्लायंटपुढच्या स्लाइडवर तर हमखास येतात. कोणी, कधी, कोणावर मोजलं, हे विचारलं की खोलीत शांतता पसरते.

पहिल्या वाक्याचा माग काढला तर आपण १९६८च्या जानेवारीत जाऊन पोचतो. कॅलिफोर्नियातल्या सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनमधल्या सॅकमन, एरिकसन आणि ग्रँट यांनी एक प्रयोग छापला. त्यांना बघायचं होतं ते वेगळंच: संगणकासमोर बसून थेट काम केलेलं बरं, की कामाचा गठ्ठा ऑपरेटरकडे देऊन निकालाची वाट बघितलेली बरी? प्रयोगात बारा अनुभवी प्रोग्रामर होते. एका कामाच्या डीबगिंगला एकाला १७० तास लागले, दुसऱ्याला ६. भागाकार केला, २८ आले, आणि ‘अठ्ठावीस पट’ हा आकडा जगभर फिरू लागला. पण त्या भागाकारात थेट काम करणारे आणि गठ्ठ्यानं काम करणारे एकत्र केले होते, आणि सगळ्यांनी एकाच भाषेत लिहिलं नव्हतं. शिवाय बारा माणसांतली दोन टोकं धरून काढलेलं गुणोत्तर उरलेल्या दहा जणांबद्दल काहीच सांगत नाही. १९९९ मध्ये लुट्झ प्रेशेल्ट या जर्मन संशोधकानं कितीतरी जास्त प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली आणि हा आकडा चुकीचा आणि दिशाभूल करणारा असल्याचं दाखवलं. प्रोग्रामरांमध्ये फरक नसतो असं आम्ही म्हणत नाही. असतो, चांगलाच असतो. पण त्या फरकाचं माप म्हणून दोन टोकांचा भागाकार चालणार नाही. गटात विखुरणी किती आहे, मधला माणूस कुठे आहे, हे सांगा.

शंभरपट महाग पडणाऱ्या बगची गोष्ट आणखी मजेशीर आहे. इंजिनिअरिंगला असताना आपण प्रेसमनच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पुस्तकातला तो चढत जाणारा आकडा पाठ केला होता. विद्यापीठाच्या पेपरात त्यावर मार्कही मिळायचे. त्या आकड्यांचा उगम शोधत गेलं की आयबीएमच्या एका प्रशिक्षण संस्थेच्या १९८१च्या कोर्स नोट्सपाशी वाट संपते. मूळ आकडेवारी कोणालाच दाखवता येत नाही. लोराँ बोसाव्हित या फ्रेंच प्रोग्रामरनं असल्या दंतकथांचा छडा लावण्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलंय. बॅरी बोहम या संशोधकानं त्याच १९८१ साली आपल्या ग्रंथात खरी आकडेवारी दिली होती, पण शंभरपट हा आकडा त्यानं मोठ्या प्रकल्पांसाठी सांगितला होता, लहान प्रकल्पांसाठी सुमारे चारपट. स्लाइडवर चारपट कधी येत नाही. पुढे २०१६ मध्ये टिम मेंझीस आणि सहकाऱ्यांनी २००६ ते २०१४ या काळातल्या १७१ प्रकल्पांची नोंद तपासली, आणि उशिरा सापडलेल्या दोषांना दुरुस्तीला जास्त वेळ लागतो असा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणून जुनं विधान सगळीकडेच खोटं ठरलं का? तेही नाही. त्या १७१ प्रकल्पांत कामाची एक विशिष्ट, शिस्तीची पद्धत वापरली होती. आपल्या प्रकल्पात ती नसेल तर आपला आकडा वेगळा येऊ शकतो. तो आपणच मोजायचा.

मोजायचं म्हटलं की पहिली अडचण शब्दांची येते. बग म्हणजे काय, हेच घ्या.

शुक्रवारी संध्याकाळचा ट्रायेज कॉल. इन्व्हॉइसच्या पीडीएफवर जीएसटीची रक्कम पैशांसकट यायला हवी, ती पूर्ण रुपयात छापली जातेय. टेस्टर म्हणते, बग आहे, सिव्हिअरिटी टू. डेव्हलपर म्हणतो, रिक्वायरमेंटच्या डॉक्युमेंटमध्ये राउंडिंगबद्दल एक ओळ नाही, हा चेंज रिक्वेस्ट आहे. क्लायंटकडच्या मॅडम म्हणतात, एवढं काय सांगायचं असतं का? मॅनेजर या वादात पडत नाही. तो काँट्रॅक्ट आठवतो. बग असला तर आपल्या पैशानं दुरुस्त करायचा, चेंज रिक्वेस्ट असला तर क्लायंटला बिल लावायचं. पण रिन्युअल तोंडावर आहे. मग टिकेट ‘एन्हान्समेंट’ म्हणून नोंदलं जातं, बिल लावलं जात नाही, आणि सगळे वीकेंडला मोकळे होतात. तिमाही अखेरीला डॅशबोर्डवर बगची रेघ खाली उतरलेली दिसते आणि टीमला शाबासकीची मेल येते.

या प्रसंगात कोणी खोटं बोललेलं नाही. पण त्या रेघेत मोजलं गेलं ते काँट्रॅक्ट, क्वालिटी नव्हे.

म्हणून आमची पहिली मागणी परिभाषेची आहे. या शास्त्रात तीन गोष्टी वेगळ्या धरतात, आणि त्या वेगळ्या धरल्याशिवाय आम्ही यापुढे एकही आकडा मांडणार नाही. माणसाकडून झालेली गफलत ही एक: इथे, राउंडिंगबद्दल विचारायचं राहून गेलं. त्या गफलतीतून कोडमध्ये किंवा डॉक्युमेंटमध्ये बसलेला दोष ही दुसरी: रक्कम पूर्णांकात फिरवणारी ती ओळ. आणि चालू सिस्टिममध्ये वापरणाऱ्याला दिसलेला बिघाड ही तिसरी: हातात आलेलं चुकीचं इन्व्हॉइस. एका गफलतीतून दहा दोष जन्मू शकतात. एखादा दोष वर्षानुवर्षं कोडमध्ये राहतो आणि बिघाड कधीच दिसत नाही, कारण त्या वाटेनं कोणी जातच नाही. उलट एकच दोष रोज हजार बिघाड घडवतो. दर हजार ओळींमागे दोष किती, हे माप आपण मिरवतो. ग्राहक भोगतो ते बिघाड. दोन्ही मोजा, पण एकाला दुसऱ्याचं नाव देऊ नका.

हा शब्दच्छल वाटत असेल तर २०१३चा एक अभ्यास बघा. किम हेर्झिग, साशा युस्ट आणि आंद्रेआस त्सेलर यांनी पाच ओपन सोर्स प्रकल्पांतली सात हजारांहून जास्त टिकेटं हातानं, एकेक वाचून काढली. ‘बग’ म्हणून नोंदलेल्यांपैकी ३३.८ टक्के बग नव्हतेच. कोणाला नवी सोय हवी होती, कोणी डॉक्युमेंटेशनची तक्रार केली होती, कोणी कोडची आवराआवर करायला सांगितली होती. परिणामी ज्या फाइलींवर सदोष असा शिक्का बसला होता त्यातल्या ३९ टक्के फाइलींत कधी बग नव्हताच. आणि असल्याच नोंदींवर बगचं भाकीत करणारी मॉडेलं वर्षानुवर्षं शिकवली जात होती. मोजायची गोष्ट एक आणि मोजली गेलेली दुसरी, याला रचनेची वैधता ढासळणं म्हणतात. आपल्या डॅशबोर्डांचा बहुतेक आजार हाच आहे.

आता प्रयोगाकडे. सध्या प्रत्येक कंपनीत एकच प्रश्न आहे: एआय टूल दिलं की काम किती लवकर होतं? यावर दोन प्रयोग शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

२०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट, गिटहब आणि एमआयटीमधल्या संशोधकांनी ९५ व्यावसायिक प्रोग्रामरांना एक काम दिलं: जावास्क्रिप्टमध्ये एचटीटीपी सर्व्हर लिहा. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला गिटहबचं कोपायलट हे एआय टूल दिलं, दुसऱ्याला नाही. टूल मिळालेला गट ५५.८ टक्के लवकर मोकळा झाला. २०२५ मध्ये मीटर या संस्थेनं १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर घेतले. कामं त्यांच्याच प्रकल्पांतली, खरी, एकूण २४६. त्या प्रकल्पांवर ही माणसं सरासरी पाच वर्षं काम करत होती. इथे माणसांचे गट पाडले नाहीत. प्रत्येक काम आलं की ते एआय वापरून करायचं की न वापरता, हे यादृच्छिक पद्धतीनं ठरलं. म्हणजे तोच माणूस, तोच कोड, फक्त टूलची परवानगी बदलती. सुरुवातीला त्यांना वाटत होतं की टूलमुळे वेळ २४ टक्के वाचेल. काम संपल्यावर विचारलं तर म्हणाले, २० टक्के वाचला. घड्याळानं सांगितलं, १९ टक्के जास्त लागला.

हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. टूल वाईट आहे असा त्याचा अर्थ लावू नका. तसं हा प्रयोग म्हणत नाही. सोळा मुरलेल्या, बुद्धिमान माणसांना स्वतःच्याच कामाचा वेग ओळखता आला नाही, एवढं तो दाखवतो. मग ‘टीमला खूप फायदा जाणवतोय’ या रिट्रोमधल्या वाक्याला आम्ही यापुढे पुरावा म्हणणार नाही. मत म्हणून आदरानं ऐकू.

आणि दोन प्रयोगांतलं खरं कोणतं? दोन्ही. आम्ही बदलतो ते स्वतंत्र चल, म्हणजे टूल आहे की नाही. बघतो ते अवलंबी चल, म्हणजे लागलेला वेळ. निकाल पलटला तो या दोन्हींच्या बाहेर: एकीकडे कोरं पान आणि छोटं, ठरीव काम, दुसरीकडे लाखो ओळींचा जुना कोड आणि त्याची नस न् नस जाणणारी माणसं. एका ठिकाणचा निकाल दुसरीकडे कितपत लागू पडतो, हा बाह्य वैधतेचा प्रश्न. मॅनेजरनं पहिला अभ्यास दाखवून हेडकाउंट कमी करायला सांगितलं तर विचारा: आपला कोड यातल्या कोणाच्या कोडसारखा आहे? आणि टूल बनवणाऱ्याच्या घरातून आलेला अभ्यास वाचताना आपण जरा जास्त बारकाईनं वाचावं. तो टाकून द्यायचा नसतो, पण कोणी केला हे विसरायचंही नसतं.

ज्या ठिकाणी असा प्रयोग करता येत नाही तिथे आपण इतिहासातल्या नोंदी चाळतो, आणि तिथे घसरायला जास्त होतं. २०१४ मध्ये गिटहबवरच्या ७२९ प्रकल्पांचा, १७ भाषांचा एक गाजलेला अभ्यास आला: भाषा आणि बग यांचा संबंध काय? तेव्हापासून भाषाभाषांच्या भांडणात तो ढालीसारखा वापरला गेला, खरं तर परिणाम किरकोळ असल्याचं मूळ लेखकांनी स्वतःच लिहिलं होतं. २०१९ मध्ये एमरी बर्जर, यान व्हिटेक आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी घेऊन तो अभ्यास पुन्हा करून बघितला. टाइपस्क्रिप्ट म्हणून मोजलेल्या काही फाइली निघाल्या भाषांतराच्या! मेनूमधल्या शब्दांचे इतर भाषांतले पर्याय साठवणाऱ्या फाइलींनाही डॉट टीएस हेच शेपूट असतं. व्ही-एट हे इंजिन जावास्क्रिप्टच्या खात्यात गेलं होतं, ते मुळात सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं. या आणि अशा दुरुस्त्या केल्यावर अकरा भाषांबद्दलच्या निष्कर्षांपैकी चारच उरले, आणि त्यांचाही परिणाम अगदी बारीक. मूळ लेखकांनी लेखी उत्तर दिलं. वाद अजून मिटलेला नाही.

आम्हाला हा वाद फार आवडतो. कारण तो होऊ शकला. आकडेवारी उघडी होती, प्रश्न लिहिलेला होता, म्हणून दुसऱ्या गटाला ती तपासता आली. तीच आकडेवारी घेऊन तोच निकाल येतो का हे बघणं ही एक गोष्ट, आणि नवी माणसं, नवे प्रकल्प घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारणं ही दुसरी. दोन्हींची गरज आहे, आणि दोन्ही कामं करणाऱ्याला आपल्याकडे कोणी विचारत नाही, कारण ‘नवीन’ काही नसतं ना त्यात. संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय निकाल म्हणजे मोठा निकाल नव्हे, हेही इथेच शिकावं. नोंदी लाखोंनी असल्या की चिमूटभर फरकसुद्धा लक्षणीय ठरतो. फरक आहे की नाही यापेक्षा फरक केवढा, हा प्रश्न आधी विचारू.

टेस्ट आधी लिहाव्यात की नंतर, या वादावर एवढंच: २०१७ साली छापलेल्या एका अभ्यासात ३९ व्यावसायिकांच्या कामाची नोंद बारकाईनं तपासली, तेव्हा फायदा दिसला तो छोट्या, एकसारख्या टप्प्यांत काम करण्याशी जोडलेला. टेस्ट आधी की कोड आधी या क्रमानं फारसा फरक पडला नव्हता. इतकी वर्षं आपण क्रमावर भांडत होतो.

सगळंच प्रयोगानं कळतं असं मानणारे कट्टर आम्ही नाही. संगणकाच्या इतिहासातला एक सुंदर अभ्यास डोनाल्ड कनुथनं १९७१ मध्ये छापला. लोक प्रत्यक्षात कसले फोरट्रान प्रोग्राम लिहितात हे कळावं म्हणून त्यानं प्रोग्रामांच्या छापील प्रती कचऱ्याच्या टोपल्यांतूनसुद्धा गोळा केल्या होत्या. प्रोग्रामचा चार टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून जास्त वेळ खातो, हे त्यातून निघालं. तो प्रयोग नव्हता, निरीक्षण होतं. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या नचिअप्पन नागप्पन यांनी ब्रेंडन मर्फी आणि व्हिक्टर बासिली यांच्यासोबत विंडोज व्हिस्टाचा अभ्यास केला, तेव्हा कोणता भाग बिघडेल याचा अंदाज कोडच्या गुंतागुंतीच्या मापांपेक्षा संस्थेच्या रचनेवरून, म्हणजे त्या भागाला किती जणांनी हात लावला, किती जण सोडून गेले, निर्णय कोणत्या पातळीवर होतात यावरून, जास्त नेमका आला. तो सहसंबंध होता. रचना बदलली की बिघाड कमी होतील, हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. पण कुठे बघायचं ते कळलं. मुलाखती, एखाद्या टीमजवळ महिनोन्महिने बसून केलेला व्यक्तिअभ्यास, सर्वेक्षण, नोंदींचं उत्खनन, प्रयोग: प्रश्न जसा तशी पद्धत. ‘का’ विचारायचं असेल तर माणसांशी बोलावं लागतं. आकडे एवढंच सांगतात की काहीतरी घडलं.

एस्टिमेटबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण आपलं निम्मं दुखणं तिथे आहे. नॉर्वेच्या मॅग्ने यॉर्गेनसन यांनी या विषयाला हयात वाहिली. अनुभवी माणसाचा अंदाज आणि गणिती मॉडेल यांची तुलना करणारे पंधरा अभ्यास त्यांनी २००४ साली तपासले. पाचांत माणूस जिंकला, पाचांत मॉडेल, पाचांत बरोबरी. म्हणजे अनुभवाला कमी लेखायचं कारण नाही. पण त्यांच्याच प्रयोगांत हेही दिसलं की क्लायंटला किती वेळ अपेक्षित आहे हा आकडा आधी कानावर घातला, आणि त्याकडे लक्ष देऊ नका असं स्पष्ट सांगितलं, तरी माणसाचा अंदाज त्या आकड्याकडे ओढला जातो. सेल्सवाले आधी तारीख कबूल करतात आणि मग आपल्याला विचारतात, ‘तुम्हीच सांगा, किती लागेल?’ आमची मागणी साधी आहे: एस्टिमेट देणाऱ्याला आधी आकडा ऐकवू नका. अंदाज द्यायचा तर एका आकड्यात न देता पट्ट्यात द्या, आणि काम संपल्यावर प्रत्यक्ष वेळ त्याच ओळीत लिहा. एक वर्ष एवढं केलं तरी आपल्या हातात आपली स्वतःची आकडेवारी येईल, आजवर कोणी न बघितलेली.

मोजमाप म्हटलं की कर्मचाऱ्याच्या पोटात गोळा येतो. यावा असाच इतिहास आहे. स्टोरी पॉइंट अप्रेजलला जोडले की पुढच्या स्प्रिंटमध्ये तेच काम दुप्पट पॉइंटांचं होतं. कोडच्या ओळी मोजल्या की ओळी वाढतात, बंद केलेली टिकेटं मोजली की एका टिकेटाची तीन होतात. माप हेच लक्ष्य झालं की ते माप राहत नाही, हा धडा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी पतधोरणाच्या संदर्भात १९७५ मध्ये दिला. आपल्या धंद्यात तो रोज खरा ठरतो. जे मोजता येत नाही त्यावर ताबा ठेवता येत नाही, हा मंत्र १९८२ मध्ये देणाऱ्या टॉम डीमार्को यांनीच २००९ मध्ये जाहीरपणे माघार घेतली. मंत्र सगळ्यांना ठाऊक आहे, माघार कोणाला ठाऊक नाही.

म्हणून आमचा नियम कडक आहे. आमच्या कुठल्याही अभ्यासातली आकडेवारी एखाद्या व्यक्तीच्या पगाराला, रेटिंगला किंवा बेंचवर बसण्याला वापरली जाणार नाही. तसा प्रयत्न झाला तर तो अभ्यास आम्ही तिथेच बंद करू आणि बंद का केला ते लिहू. सहभागी माणसाची संमती आधी, नाव शेवटपर्यंत गुप्त, आणि कोणत्याही क्षणी बाहेर पडायची मुभा. ज्याच्या कामाचा अभ्यास झाला त्याला निकाल सगळ्यात आधी कळेल, व्हाइस प्रेसिडेंटला नंतर.

आणि प्रमाणपत्रांबद्दल. कार्नेगी मेलनच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमधून कामाच्या प्रक्रियेला लेव्हल देणारं सीएमएम आलं, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून भारतीय कंपन्यांनी लेव्हल फाइव्हची रांगच लावली. यातल्या चौथ्या लेव्हलची अटच मुळी आकड्यांनी प्रक्रिया समजून घेण्याची होती. कितीतरी ठिकाणी ते आकडे ऑडिटच्या आदल्या आठवड्यात भरले गेले आणि ऑडिटनंतर कोणी उघडून बघितले नाहीत. रिसेप्शनमधल्या भिंतीवरची ती फ्रेम कष्टानं मिळाली असेल, पण टीम त्यातून काय शिकली हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. आम्ही कोणाला प्रमाणपत्र देणार नाही, घेणार नाही. टूल विकणाऱ्या कंपनीचा पैसा घेणार नाही. आमच्यात पदं नाहीत.

या रस्त्यावर आम्ही पहिले नाही. बासिलींनी १९७६ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात, मेरीलँड विद्यापीठाच्या मदतीनं, सॉफ्टवेअरची प्रयोगशाळा सुरू केली आणि ती पंचवीस वर्षं चालली. आधी उद्दिष्ट, मग प्रश्न, मग माप, हा क्रम त्यांनी घालून दिला. आपण नेमका उलटा घालतो: टूलमधून जे माप फुकट मिळतं ते घेतो आणि त्याला शोभेल असं उद्दिष्ट शोधतो. २००४ मध्ये एडिनबरोच्या परिषदेत बार्बरा किचनहॅम, टोरे डिबो आणि यॉर्गेनसन यांनी वैद्यकशास्त्राचा धडा गिरवून पुराव्यावर उभ्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची हाक दिली. प्रश्न नीट मांडा, असलेला सगळा पुरावा पद्धतशीर शोधा, तो तोला, आपल्या परिस्थितीला लावा. ती हाक विद्यापीठांत ऐकली गेली. ऑफिसांच्या मजल्यांवर ती पोचवायचं काम आता आमचं.

आम्ही अहवाल मराठीत लिहू, ऑफिसात बोलतो त्या मराठीत. बगला बग म्हणू आणि बिल्डला बिल्ड. हिशेब आणि कोड जोडून देऊ, म्हणजे कोणालाही तो पुन्हा करून बघता येईल. प्रश्न आणि अपेक्षा आकडेवारी बघण्याआधी लिहून, तारीख घालून ठेवू, नाहीतर हवा तो निकाल सापडेपर्यंत आपण शोधत राहतो. काहीच फरक दिसला नाही तर तेही छापू, तितक्याच मोठ्या अक्षरात. आणि प्रत्येक अहवालात, शेवटच्या पानावर न लपवता, निष्कर्षाला कुठे धोका आहे ते लिहू: माप चुकलं असेल का, दुसरंच एखादं कारण मध्ये आलं असेल का, हे दुसऱ्या टीमला लागू पडेल का, इतक्या कमी नोंदींवर इतकं बोलणं रास्त आहे का.

पहिलं काम ठरलं आहे, आणि त्याला कोणाची परवानगी लागू नये इतकं ते लहान आहे. आपल्या टीमनं बंद केलेली शेवटची शंभर टिकेटं काढा. टिकेटं उघडण्याआधी बग, चेंज आणि बाकीचं यांची व्याख्या प्रत्येकी दोन ओळींत लिहा. मग दोघा जणांनी वेगवेगळं बसून, एकमेकांशी न बोलता, प्रत्येक टिकेटला त्यातलं एक नाव द्यायचं. शक्यतो एक जण टेस्टिंगमधला आणि एक डेव्हलपमेंटमधला असावा. दोघांचं किती जुळलं ते मोजा. नुसत्या टक्केवारीवर थांबू नका, कारण काही जुळणी निव्वळ योगायोगानंही होते. तेवढी वजा करून उरलेली मोजायला जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेलं कप्पा नावाचं माप आहे, स्प्रेडशीटमध्ये दहा मिनिटांत निघतं. जिथे जुळलं नाही ती टिकेटं वेगळी काढा, नावं आणि क्लायंटचा तपशील पुसा, आणि मतभेद का झाला ते एकेका ओळीत लिहा. व्याख्या तिथेच दुरुस्त करायचा मोह होईल. आधी जुनी व्याख्या तशीच ठेवून निकाल लिहा, मग नव्या व्याख्येनं पुढची शंभर घ्या. दोघांपैकी कोणी सुट्टीवर असेल तर थांबा, तिसऱ्याला घाईनं बसवू नका. आणि हे सोमवारी काढू नका. सोमवारी अर्धा दिवस वीकेंडच्या रिलीजचं निस्तरण्यातच जातो.